‘पडणे’, ‘पाडणे’ आणि ‘टाकणे’ : निर्जन वास्तूंच्या छायाचित्रांविषयी काही विचार

१

थांबलेल्या गिरण्या, ओस पडलेली इस्पितळे, गंजलेली यंत्रगृहे यांत प्रवेश करून त्यांची छायाचित्रे घेण्याचा परिपाठ गेल्या तीन-चार दशकांत जगाच्या अनेक भागांत रूढ झाला आहे. इंग्रजीत या छंदास ‘अर्बन एक्सप्लोरेशन’ असे नाव असून त्यातून निघालेले छायाचित्रसंग्रह हा एक स्वतंत्र कलाप्रकार मानला जाऊ लागला आहे. महाराष्ट्रात या प्रकाराला विषय पुरविला तो मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांनी. आता विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रबंधिकांनाही अशी छायाचित्रे जोडलेली आढळतात, आणि म्हणून या प्रकाराचा काहीसा सावकाश विचार करणे अगत्याचे झाले आहे.

प्रस्तुत लेखात या छायाचित्रांच्या तांत्रिक गुणदोषांची चर्चा अभिप्रेत नाही. येथे विचारात घ्यावयाचा आहे तो त्यांचा अर्थ, आणि तोही भाषाभ्यासाच्या अंगाने. छायाचित्राला व्याकरण नसते हे खरे. परंतु छायाचित्र पाहणारा मनुष्य भाषेतच विचार करतो, आणि पाहिलेल्या वस्तूचे एक वाक्य त्याच्या मनात तयार होतेच. चित्राखालची ओळ, संग्रहाचे नाव व प्रस्तावना हे वाक्य अधिक पक्के करतात. निर्जन वास्तूच्या छायाचित्रातून उमटणाऱ्या वाक्यात करणारा बहुधा नसतो. ‘गिरणी बंद पडली’ एवढेच ते सांगते. अशा छायाचित्राची खरी कसोटी ही की, त्याने हे वाक्य तसेच राहू दिले, की पाहणाऱ्यास ‘बंद कोणी केली?’ असे विचारण्यास प्रवृत्त केले. या एका मुद्द्याचे विवेचन पुढे केले आहे.

२

ज्या वास्तूंना इंग्रजीत ‘अबॅन्डन्ड’ हे एकच विशेषण लावले जाते, त्यांच्यासाठी मराठीत एक शब्द नाही. ओस पडलेली, बंद पडलेली, पडकी, मोडकळीस आलेली, उजाड, भकास, सोडून दिलेली, टाकून दिलेली अशी अनेक विशेषणे आपण प्रसंगपरत्वे वापरतो. ती परस्परांचे पर्याय नव्हेत. त्यांतील पहिल्या काहींच्या मुळाशी ‘पडणे’ हे क्रियापद आहे. आजारी पडणे, विसर पडणे, दुष्काळ पडणे, ओस पडणे, बंद पडणे या सर्व प्रयोगांत एक समान छटा आहे : जे घडले ते कोणी केले नाही, ते आपोआप झाले, किंवा निदान करणारा कोण हे सांगण्याचे प्रयोजन नाही. दुष्काळाच्या बाबतीत ही छटा आपल्या भागातील लोकांना शतकानुशतके पुरेशी वाटत आली. दुष्काळाचीही काही कारणे माणसांकडे जातात हे मागाहून ध्यानात आले.

मराठीत ‘पडणे’ याच्या शेजारीच ‘पाडणे’ उभे आहे. मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे या जोड्यांप्रमाणे येथेही धातूतील ध्वनिबदलाने अकर्मक क्रियापदाचे सकर्मक क्रियापद होते. आता पुढील तीन वाक्ये पाहावीत :

(अ) गिरणी बंद पडली.
(आ) गिरणी बंद पाडली.
(इ) गिरणी बंद केली.

पहिल्या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे. तो ‘गिरणी’ हाच आहे. वाक्य पूर्ण आहे आणि ऐकणाऱ्याला काही उणे वाटत नाही. उरलेल्या दोन वाक्यांत गिरणी हे कर्म झाले आहे. कर्मणि प्रयोगात क्रियापद कर्माशी जुळते आणि कर्ता न बोलला तरी वाक्य चालते; परंतु त्याची जागा मोकळी राहते, आणि ऐकणारा ती जागा भरून काढण्यासाठी ‘कोणी?’ असे विचारतो. शिवाय ‘बंद पाडणे’ व ‘बंद करणे’ यांतही भेद आहे. चालू असलेली वस्तू बाहेरून बळाने थांबविली तर ती ‘बंद पाडली’. ज्याचा तिच्यावर अधिकार आहे त्याने थांबविली तर ‘बंद केली’.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि साठांहून अधिक गिरण्या थांबल्या. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. पुढे ज्या अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे सुरू झाल्या नाहीत, त्यांच्याविषयी चाललेला सारा वाद वरील तीन वाक्यांत मावतो. संपाने गिरण्या बंद पाडल्या, असे एक पक्ष म्हणतो. मालकांनी यंत्रे वेळेवर बदलली नाहीत, नफा अन्यत्र गुंतविला आणि जमिनीच्या वाढत्या किमतीकडे पाहून गिरण्या बंद केल्या, असे दुसरा पक्ष म्हणतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि त्या बंद पडल्या, असे तिसरा म्हणतो. या तिन्ही मतांना आधार आहेत, आणि त्यांची छाननी आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी करावयाची आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, गंजलेल्या मागांचे छायाचित्र या वादात तटस्थ राहत नाही. ते नकळत तिसऱ्या पक्षाच्या बाजूने बोलते. त्यात केवळ परिणाम दिसतो, क्रिया दिसत नाही. ‘पडलेली’ हे कृदन्त त्याच्या स्वभावाशी तंतोतंत जुळते.

कामगारांच्या बोलण्यातही हीच जोडी आढळते. ‘नोकरी सुटली’, ‘नोकरी सोडली’ आणि ‘कामावरून काढले’ या तीन वाक्यांत एकाच घटनेची तीन निवेदने आहेत. घरी येऊन मनुष्य बहुधा पहिलेच वाक्य उच्चारतो, कारण त्यात कोणाचाच अपमान नाही. त्या वाक्यामागे उरलेली दोन वाक्ये दबलेली असतात हे श्रोत्याने ओळखावयाचे असते.

‘टाकणे’ या क्रियापदाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. ‘टाकलेली बायको’ हा प्रयोग मराठी समाजास परिचित आहे, आणि त्यासाठी योजिलेला ‘परित्यक्ता’ हा संस्कृत शब्दही. त्यात टाकणारा अध्याहृत असला तरी अज्ञात नाही. अलीकडे इंग्रजीच्या अनुकरणाने ‘परित्यक्त इमारती’ असा प्रयोग होऊ लागला आहे. तो करणाऱ्यांच्या मनात बहुधा केवळ ‘ओसाड’ हाच अर्थ असतो. तथापि शब्द आपले मूळ ओझे घेऊनच येतो. ज्या वास्तूस आपण परित्यक्त म्हणतो, तिचा त्याग कोणी केला हे सांगण्याची जबाबदारी तो शब्द वापरणाऱ्यावर पडते.

३

गिरण्यांच्या संदर्भात आणखी एका शब्दाने मोठे कार्य केले आहे. तो शब्द ‘आजारी’. १९७४ च्या कायद्याने देशातील १०३ ‘आजारी’ कापडगिरण्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. मराठवाड्यातील औरंगाबादची गिरणी आणि नांदेडची उस्मानशाही गिरणी यांचा त्यांत समावेश होता. पुढे १९८५ मध्ये आजारी औद्योगिक कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तो २०१६ मध्ये संपुष्टात आला आणि त्याच वर्षीच्या दिवाळखोरीविषयक संहितेने त्याची जागा घेतली. म्हणजे चाळीस-बेचाळीस वर्षे कारखाना हा रोगी होता. त्यानंतर तो कर्जदार झाला.

‘आजारी गिरणी’ हे रूपक इतके रुळले की ते रूपक आहे हे आपण विसरलो. आजार हा पडावयाचाच असतो. तो कोणी पाडत नाही. रोग्याविषयी करुणा वाटते, वैद्याविषयी आशा वाटते, आणि अखेर मृत्यू आला तर तो नैसर्गिक मानून शोक करावयाचा असतो. हिशेब मागण्याची वृत्ती या रूपकात बसत नाही. निर्जन गिरणीचे छायाचित्र बहुधा या रूपकाचाच उत्तरार्ध असते. छपरातून येणारी तिरपी उन्हे, भिंतीतून फुटलेला पिंपळ, धुळीखाली झाकलेली यंत्रे ही सर्व सामग्री मृत्यूनंतरच्या शांततेची आहे.

या दृष्टीने छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीच्या औरंगाबादचे) उदाहरण उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, १८८९ मध्ये या शहरात सूतकताई व विणकामाची गिरणी उभारली गेली आणि तीत ७०० लोक कामास होते. १९०० मध्ये हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाल्यावर जालना व आसपास सरकी काढण्याचे व कापूस दाबण्याचे कारखाने निघाले. गिरणीचे काम पुढे थांबले, परंतु औरंगपुऱ्यापासून फार दूर नसलेल्या चौकाचे ‘मिल कॉर्नर’ हे नाव आजही सर्वांच्या तोंडी आहे. रिक्षावाला, विद्यार्थी, भाजीवाली हे नाव दिवसातून अनेकदा उच्चारतात. गिरणी कोणती, असे विचारल्यास तरुणांपैकी थोडेच सांगू शकतील.

स्थलनामाच्या अभ्यासकास यात नवल नाही. या शहरात बावन्न पुरे होते असे परंपरा सांगते. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा या नावांनी मोगल काळातील सरदारांची स्मृती राखली. त्या नावांत वसविणारा मनुष्य आहे. ‘मिल कॉर्नर’ या नावात गिरणी आहे; गॅझेटियरमधील ते ७०० लोक नाहीत. पुऱ्यांच्या काळी सरदार नावात आला आणि वस्ती करणारे कारागीर आले नाहीत. गिरणीच्या काळी यंत्र नावात आले आणि ते चालविणारे आले नाहीत. आज छायाचित्रकार त्याच परंपरेत यंत्राचे चित्र घेतो, आणि यंत्र चालविणाऱ्याचा उल्लेख त्याही कागदावर राहत नाही.

४

इस्पितळांचा विचार थोडा निराळा करावा लागतो. प्रथम शब्द पाहावेत. ‘इस्पितळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ‘दवाखाना’ अरबी-फारसीच्या मार्गाने, आणि ‘रुग्णालय’ संस्कृतातून घडविला गेला. दवाखान्यात औषध प्रधान आहे. रुग्णालयात रुग्ण प्रधान आहे. ज्या वास्तूच्या नावातच रुग्ण आहे, तिच्या छायाचित्रातून नेमका तोच नाहीसा झालेला असतो. लोखंडी खाट उरते, चाकांची खुर्ची उरते, भिंतीवरचा तक्ता उरतो.

या प्रकारातील एक गंभीर संग्रह म्हणजे क्रिस्टोफर पेन यांचा ‘असायलम’ (२००९). पेन हे शिक्षणाने वास्तुशास्त्रज्ञ. अमेरिकेतील ३० राज्यांतल्या ७० मनोरुग्णालयांना भेटी देऊन त्यांनी ही छायाचित्रे घेतली, आणि संग्रहास ऑलिव्हर सॅक्स या विख्यात मज्जातंतुतज्ज्ञाचा निबंध जोडला. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ च्या सुमारास साडेपाच लाखांवर रोगी होते. त्याच दशकात नवी औषधे आली, १९६३ च्या कायद्याने रोग्यांवर समाजात राहून उपचार करण्याचे धोरण पुढे आले, आणि प्रचंड विस्ताराची ही इस्पितळे क्रमाक्रमाने रिकामी होत गेली. येथे ‘बंद पडली’ हे वाक्य असत्य आहे. ती बंद केली गेली, आणि करणाऱ्यांपुढे सुधारणेचा हेतू होता. जुन्या मनोरुग्णालयांतील हाल सर्वांना ज्ञात होते. पण घरी पाठविलेल्या रोग्यांची समाजात जी व्यवस्था व्हावयाची होती ती पुरेशी झाली नाही, आणि त्यांतील अनेकजण रस्त्यावर वा तुरुंगात गेले, हेही तितकेच खरे. म्हणून ‘कोणी बंद केले?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी एखाद्या खलपुरुषाचे नाव असेल असे नाही. कधी ते उत्तर एका सद्हेतूचे आणि त्याच्या अपुऱ्या अंमलबजावणीचे असते.

पेन यांच्या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की त्यात केवळ पडझड नाही. रोग्यांचे टूथब्रश टांगलेले कपाट, धुलाईघर, कामाची दालने यांची चित्रे तेथे आहेत. त्यांतून ही वास्तू काय कार्य करीत होती हे कळते; कोंडून ठेवण्याबरोबरच तेथे एक स्वयंपूर्ण वसाहत चालत होती हे उमगते. वास्तूच्या क्षयापेक्षा वास्तूचे कार्य दाखविण्याकडे दृष्टी वळली की चित्रातील विधान बदलते, याचे हे चांगले उदाहरण होय.

याउलट उदाहरण बर्लिनजवळील बेलिट्झ येथील आरोग्यधामाचे देता येईल. १८९८ पासून बर्लिनच्या विमासंस्थेने क्षयरोगी कामगारांसाठी ते उभारले. कारखान्यांच्या शहराने आपल्या कामगारांची फुप्फुसे जेथे दुरुस्तीस पाठविली ते हे स्थान. महायुद्धांत ते लष्करी इस्पितळ झाले, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सैन्याकडे गेले आणि १९९४ मध्ये त्या सैन्याने ते सोडले. पुढील वीस वर्षांत जगभरचे छायाचित्रकार तेथे येऊन गेले. २०१५ मध्ये त्याच्या भग्न भागावरून वृक्षांच्या शेंड्यांतून जाणारा पादचारी मार्ग पर्यटकांसाठी उघडण्यात आला. या स्थानाच्या असंख्य चित्रांत भुताखेतांच्या कथांना साजेशी छाया पुष्कळ आढळते. कारखाना आणि इस्पितळ यांना एकत्र बांधणारा मूळ धागा, म्हणजे क्षयी कामगार, तिच्यात शोधूनही सापडत नाही.

५

‘निर्जन’ या शब्दाचीही परीक्षा केली पाहिजे. मराठीत रिकामे, मोकळे आणि ओसाड हे तीन शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी येतात. परंतु मुंबईच्या गिरण्यांचे भवितव्य यांतील पहिल्या दोन शब्दांच्या भेदावर ठरले, हे फार थोड्यांच्या ध्यानात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे करावयाचे होते : एक महापालिकेस उद्याने व मैदाने यांसाठी, एक गृहनिर्माण मंडळास घरांसाठी, आणि एक मालकास. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन हे वाटप केवळ ‘मोकळ्या’ जमिनीपुरते, म्हणजे जिच्यावर बांधकाम नाही अशा भागापुरते, मर्यादित झाले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणामी यंत्रे हलविलेली, कामगार गेलेले, वर्षानुवर्षे रिकामे असलेले गिरणीचे दालन कायद्याच्या भाषेत मोकळी जमीन ठरले नाही. ते पाडल्यावर जी जमीन निघेल तिचा वाटा शहरास मिळावयाचा नव्हता. छायाचित्रकार ज्या पोकळीपुढे स्तब्ध होतो, ती पोकळी कायद्याच्या लेखी भरलेली होती, आणि तिच्या भरलेपणाला मोठी किंमत होती. अशा दालनाच्या चित्राखाली ‘शून्यता’ असे शीर्षक देणे म्हणजे अर्थाचा विपर्यास होय.

निर्जनतेची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत महालक्ष्मीजवळच्या बंद शक्ती मिलच्या आवारात छायाचित्रे घेण्याच्या कामगिरीवर गेलेल्या एका तरुण वृत्तछायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला. त्या गुन्ह्याची जबाबदारी संपूर्णतः गुन्हेगारांची होती आणि न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. येथे तो प्रसंग स्मरावयाचा तो एवढ्यासाठी की, शहराच्या मध्यभागी असलेले एवढे मोठे आवार कोणाच्याही देखरेखीवाचून राहू दिले जाते, ही स्थिती आपोआप उद्भवत नाही. तीही कोणाच्या तरी निर्णयाने, वा निर्णय न घेण्याने, निर्माण होते. अशा जागा रम्य एकान्ताच्या नसतात हे या छंदाच्या वर्णनांत क्वचितच सांगितले जाते.

६

यावर एक आक्षेप संभवतो. भग्न वास्तूंत सौंदर्य पाहणे ही मानवाची जुनी वृत्ती आहे. अजिंठ्याच्या विहारांपुढे उभे राहून कोणी ‘हे कोणी बंद केले?’ असे विचारीत नाही. मग गिरणीपुढेच का विचारावे? आक्षेप रास्त आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला धरून आहे. मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल हा १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमला गेला आणि पुढे त्याने लेण्यांची छायाचित्रेही घेतली. फर्ग्युसनच्या सहकार्याने ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ओस वास्तूचे छायाचित्र ही गोष्ट या भूमीस परकी नाही.

परंतु दोहोंत दोन भेद आहेत. एक तर अजिंठ्याचे भिक्षू जाऊन शतके लोटली. गिरणीचा कामगार वा त्याचा मुलगा त्याच शहरात राहतो, आणि त्याला विचारता येते. दुसरे असे की, अजिंठ्याच्या बाबतीतही क्रियापदाचा प्रश्न सुटलेला नाही. १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने लेणी ‘शोधली’ असे पाठ्यपुस्तके सांगत आली; आसपासच्या गावकऱ्यांना ती ठाऊकच होती. ‘शोधली’ या क्रियापदाने गावकऱ्यांना वाक्याबाहेर काढले, तसे ‘पडली’ या क्रियापदाने कामगारांना काढले.

पाणचक्कीचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये ठेवता येईल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची ही चक्की डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर फिरे आणि तेथील शिष्यांसाठी व गरिबांसाठी धान्य दळी. आज ती दळणाच्या कामाची नाही, पण तिला कोणी पडकी म्हणत नाही. तिचे कार्य काय होते, पाणी कोठून येई, पीठ कोणासाठी असे, हे तेथे येणाऱ्या प्रत्येकास कळते. नावातच यंत्राची रीत सांगितलेली आहे. काम संपलेल्या वास्तूची स्मृती तिच्या कार्यासह राखता येते, याचे प्रमाण शहरातच आहे.

आधुनिक छायाचित्रकारांनीही मार्ग काढले आहेत. जर्मनीतील बर्न्ड व हिल्ला बेखर या दांपत्याने पाण्याचे मनोरे, झोतभट्ट्या, कोळशाच्या खाणींवरील सांगाडे यांची छायाचित्रे समोरून, सपाट उजेडात, एका मापाने घेतली आणि एकेका जातीची चित्रे शेजारी शेजारी मांडली. त्यांचा १९७० चा संग्रह प्रसिद्धच आहे. त्यांत माणूस नाही. पण शोकही नाही. तुलनेमुळे प्रत्येक वास्तूची रचना आणि तिचे कार्य यांतील संबंध पुढे येतो. भाषाशास्त्रात आपण रूपे शेजारी मांडून भेद पाहतो, तीच ही रीत होय.

डेट्रॉइट शहराच्या भग्नावशेषांचा मार्शां व मेफ्र यांचा संग्रह २०१० मध्ये निघाला. त्याच्यासह अशा सर्वच चित्रांवर जॉन पॅट्रिक लिअरी यांनी २०११ मध्ये आक्षेप घेतला तो असा की, ती शहराच्या दैन्याचे भव्य दर्शन घडवितात, परंतु ते दैन्य कशातून आले आणि त्यात आज कोण राहते याचा शोध घेत नाहीत. हा आक्षेप मला मूलतः ग्राह्य वाटतो. मात्र तो चित्राच्या सौंदर्यावर न घेता चित्राशेजारी जे लिहिले गेले नाही त्यावर घेतला पाहिजे.

त्या दृष्टीने अहमदाबादच्या बंद गिरण्यांवरील यान ब्रेमन व पार्थिव शाह यांचा २००४ चा ग्रंथ अनुकरणीय आहे. त्यात समाजशास्त्रज्ञाचे निवेदन आणि छायाचित्रकाराची चित्रे एकमेकांना आधार देतात, आणि गिरणीबरोबर गिरणीतून बाहेर पडलेली माणसेही दिसतात. त्याच वर्षी मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या कामगारांचा मौखिक इतिहास ग्रंथबद्ध केला. मराठी रंगभूमीवर जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने हेच कार्य उलट बाजूने केले. त्यात गिरणी रंगमंचावर येत नाही. चाळीतल्या एका खोलीत गिरणी कामगाराचे कुटुंब दिसते. छायाचित्र माणसांवाचून वास्तू दाखविते, नाटक वास्तूवाचून माणसे दाखविते. दोन्ही शेजारी ठेवल्यास वाक्याचा कर्ता, कर्म आणि क्रियापद जुळून येण्याचा संभव आहे.

७

वरील विवेचनातून आपल्या विभागापुरता एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. पदव्युत्तर अभ्यासकांनी अशा वास्तूंची छायाचित्रे जरूर घ्यावीत. परवानगीने व सोबतीने घ्यावीत, आणि जुन्या इस्पितळात रोग्यांची नावे असलेले कागद आढळल्यास ते चित्रात येऊ देऊ नयेत. परंतु छायाचित्र हे प्रबंधिकेत प्रमाण म्हणून जोडावयाचे असेल तर त्याखालच्या ओळीत पाच गोष्टी असाव्यात : वास्तूचे नाव व उभारणीचे वर्ष, त्या दालनात कोणते काम चाले, ते काम कोण करी, ते केव्हा व कोणाच्या निर्णयाने थांबले, आणि ती जागा आज कोणाच्या ताब्यात आहे. चौथ्या गोष्टीचे उत्तर न मिळाल्यास जागा रिकामी ठेवावी. ‘बंद पडली’ असे लिहून ती भरू नये.

याहून महत्त्वाचे काम शब्दसंग्रहाचे आहे, आणि ते छायाचित्रकार करू शकत नाही. गिरणीच्या आधाराने मराठीत शब्दांचा एक मोठा समूह जगत होता. साचा, खाते, पाळी, खाडा, बदली, जॉबर, भोंगा यांतील काही शब्द कोशांत आहेत, पण त्यांचे गिरणीतील नेमके अर्थ सर्वत्र नोंदलेले नाहीत. ‘बदली’ म्हणजे सरकारी नोकराची एका गावाहून दुसऱ्या गावी होणारी बदली, हा अर्थ सर्वांना ठाऊक; परंतु कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी काम मिळेल या आशेने फाटकाशी उभा राहणारा मनुष्यही ‘बदली’च. एका शब्दात एका वर्गाची सारी अनिश्चितता सामावली आहे. यंत्र भंगारात गेले तरी त्याचे चित्र उरते. शब्द मात्र तो वापरणाऱ्याबरोबरच जातो, आणि ज्यांनी हे शब्द पाळीगणिक वापरले ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. मराठवाड्यातील गिरण्या व कापसाचे कारखाने यांतील कामगारांची बोली दख्खनी उर्दूच्या सान्निध्यात वाढलेली होती. मुंबईच्या गिरणगावातील बोलीहून ती निराळी असणे स्वाभाविक आहे. ती नोंदविण्यास लागणारी सामग्री म्हणजे एक ध्वनिमुद्रक, एक वही आणि ऐकून घेण्याची तयारी, एवढीच आहे.

छायाचित्र दालनाचे घेतले तर त्या दालनात काम केलेल्या एका तरी व्यक्तीचे निवेदन त्यासोबत असावे, तिच्याच शब्दांत आणि तिने निवडलेल्या क्रियापदासह. ती व्यक्ती ‘पडली’ म्हणेल, ‘पाडली’ म्हणेल, की ‘आम्हाला टाकले’ म्हणेल, हे आधी ठरवून ठेवण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. ते ऐकून जसेच्या तसे उतरून घेणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी उपलब्ध असलेला काळ आता थोडा आहे.